पंधरा मिनिटं पुढे

एकता बागडे सिविल लाइंसच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर कुठे रेंगाळतात ते शोधते. काम सुरू झाल्याची वेळ घ्यायची, संपल्याची घ्यायची आणि मधला फरक काढायचा. कधी तो फरक उणे येतो, म्हणजे काम सुरू होण्याआधीच संपलेलं! नवीन पोरी घाबरतात, तेव्हा ती खेकसते, "भूतबित काही नाही. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली तुम्ही. परत करा."

तिचे बाबा गुलाबराव रेल्वेत होते. ड्यूटी चुकू नये म्हणून चेरीतालच्या घरातलं घड्याळ ते कायम पंधरा मिनिटं पुढे ठेवत.

मागच्या महिन्यात बाबा दवाखान्यात वारले. डॉक्टरांनी मोबाइलमध्ये बघून वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं. काल एकता चेरीतालला भेटायला गेली, तेव्हा आई सहज बोलून गेली, "त्या दिवशी लँडलाइनवर त्यांचा फोन आला होता. म्हणे, मी निघून राहिलो, चहा ठेव. भिंतीवर सव्वाचार झाले होते."

एकताने मनात हिशेब केला, डॉक्टरांच्या वेळेनंतर पाच मिनिटांनी. मग तिने सवयीने पंधरा मिनिटं वजा केली. "म्हणजे चारच वाजले होते, आई. जाण्याआधी केला त्यांनी फोन. आपलं घड्याळ पुढे असते ना!"

"काहून असंन पुढे?" आई कपबशी पुसत म्हणाली. "ते रिटायर झाले त्याच दिवशी मी काटे मागे घेतले. आता कुठं जायचं होतं त्यांना?"

एकताने मोबाइल भिंतीवरच्या घड्याळाशेजारी धरला. दोन्हीकडे एकच वेळ होती.