अक्काची ओळ

अक्काच्या बोटांचे सांधे सुजू लागले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. बंगळूरला, बसवनगुडीतल्या आमच्या घरी एक पियानो होता. सत्तेचाळीसनंतर विलायतेला परतणाऱ्या एका कुटुंबाकडून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो घेतलेला. एका फ्रेंच संगीतकाराचं चार हातांसाठीचं पुस्तक आम्ही दोघं एका बाकावर बसून वाजवायचो. वरच्या सुरांची बाजू तिची, खालची माझी.

बासष्टपर्यंत तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली. गोळ्या झाल्या, मेणाचा शेक झाला. तिनं पियानो सोडला नाही, पण माझ्या शेजारी बसणं सोडलं.

आमचे मास्तर कँटोन्मेंटमध्ये राहत. ते स्वतः व्हायोलिन वाजवत. आणखी एक व्हायोलिन आणि चेलो जमवून चर्चच्या हॉलमध्ये छोटे कार्यक्रम करत. त्यांनी सुचवलं, की त्या पुस्तकातला पहिला तुकडा मी या तीन वाद्यांत वाटावा आणि अक्काला जमेल तेवढं पियानोला ठेवावं.

माझी खालची बाजू चेलोला सहज गेली. धावते सूर व्हायोलिनांना दिले. मुख्य धून अक्काकडेच ठेवली, पण एका वेळी एकच सूर, तोही चांगल्या बोटांना पोचेल असा. कागद बघून ती म्हणाली, "एवढंच?" आणि लगेच सरावाला बसली.

दोन महिन्यांत तिसरं बोट गेलं. मी तिची सुरांची ओळ पुन्हा लिहिली, सूर कमी केले. मग आणखी एकदा लिहिली.

कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना सगळे आमच्या घरी तालमीला आले. मी पानं उलटायला अक्काशेजारी बसलो होतो. तिचं बोट पट्टीवर उशिरा पडायचं. बाकीचे तिच्यासाठी थांबायचे, तुकडा मोडायचा. तीनदा मोडला. जाताना मास्तर फाटकापाशी मला म्हणाले, "काय करायचं ते तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी तिची ओळ क्लॅरिनेटसाठी उतरवली. मास्तरांच्या ओळखीचा, लष्करी बँडातून निवृत्त झालेला एक वादक तयार झाला. अक्काला मी सांगितलं, कार्यक्रम पुढे ढकललाय.

ती रोज सराव करत राहिली. कार्यक्रमाच्या दिवशीही मी तिला वाजवतानाच सोडून, मित्राकडे जातो म्हणून निघालो. तुकडा छान झाला. लोकांनी मला उठून उभं राहायला लावलं.

आठवड्यानं शेजारच्या बाई तिच्याकडे माझं कौतुक करून गेल्या. मी घरी आलो तेव्हा अक्का भाजी निवडत होती.

"माझी ओळ कुणाला दिलीस?"

"क्लॅरिनेटला."

"चांगला वाजवतो?"

"हो."

तिनं मान हलवली. खरं सांगितलं असतं तर ती स्वतःच बाजूला झाली असती, हे मला तेव्हा कळलं.

महिनाभरात तिनं अण्णांना सांगून पियानो एका शाळेला देऊन टाकला. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं मी तिला हातानं भरवत होतो. आम्ही घरातलं सगळं बोलायचो. माफी मागायची मात्र माझी छाती झाली नाही.