हॅसलकूम आडनावाच्या मागे, सिडनी ते कालगुर्ली

"कालगुर्लीला कोण जातं गं फिरायला?" हे मला सहा जणांनी विचारलं, त्यातला एक माझा नवरा. सिडनीचे लोक सुट्टीत बालीला जातात, फार तर टास्मानियाला. मी जुलैत चार दिवसांची रजा टाकली आणि शेजारच्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला, सोन्याच्या खाणींच्या गावाला निघाले. तेही एका आडनावासाठी.

ही बाई म्हणजे ज्युडिथ हॅसलकूम. सिडनीच्या कॅसल हिल उपनगरात आमच्या कुंपणापलीकडे एकटी राहते. निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही. वयाने माझ्या आजीएवढी, पण इथे सगळे एकेरीत, म्हणून मीही सरळ ज्युडिथ म्हणते. राहायला आलो त्या आठवड्यात तिने लिंबं आणून दिली, आणि मी आपली मराठी खोड दाखवलीच. नाव ऐकलं की मूळ गाव विचारल्याशिवाय आपल्याला चहा पचतो का? विचारलं, "हे आडनाव कुठलं?" झालं! दोन तास बाई उठली नाही.

हॅसलकूम म्हणजे हेझलच्या झाडांची दरी. इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनमध्ये या नावाची चिमुकली वाडी आहे. वाडी सोडून जो बाहेर पडला, त्याला बाहेरचे लोक वाडीच्या नावाने ओळखायला लागले. मी म्हटलं, अगं, हे तर आमचं 'कर'! नाशिकमध्येच राहणाऱ्याला कोण नाशिककर आडनाव देणार? गाव सुटलं की ते आडनावात येऊन बसतं. हे ऐकून ती इतकी खूश झाली की आणखी लिंबं मिळाली.

ज्युडिथ चाळीस वर्षं जगभरातले हॅसलकूम गोळा करतेय. प्रत्येकाचं एक कार्ड आणि भिंतीवरच्या नकाशात एक टाचणी. ती एकदा त्या वाडीत जाऊनही आली. तिथे तीन घरं, एक ट्रॅक्टर, आणि हॅसलकूम एकही नाही. इंग्लंडातल्या बहुतेक टाचण्या मेलेल्या माणसांच्या. दोन भाऊ ऑस्ट्रेलियात आले. थोरला सिडनीकडे राहिला, तो हिचा आजोबा. धाकटा सोन्याच्या मागे पश्चिमेला गेला, सोनं काही मिळालं नाही, मग त्याने मेंढ्या पाळल्या. त्याच्या कार्डावर लिहिलंय: अविवाहित, मूलबाळ नाही. आणि तरीही मतदारयादीत कालगुर्लीला सात हॅसलकूम! ज्युडिथने त्यांना दोनदा पत्रं पाठवली, सोबत भरायचा फॉर्म. उत्तर आलं नाही.

मागच्या वर्षी तिचा भाऊ गेला. थोरल्याच्या वंशात आता ती एकटीच. आणि ऑगस्टमध्ये तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. एकटी जाऊ नकोस, एवढ्या अटीवर डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला होता. कुंपणापाशी उभी राहून ती म्हणाली, "सुजाता, ऑपरेशनच्या आधी मला या नावाचं एक जिवंत माणूस बघायचंय. माझ्याबरोबर हे संपणार नाही, एवढं कळलं की पुरे." मी तिकिटं काढली.

सिडनी ते पर्थ विमानाने पाच तास. पर्थला एक रात्र थांबा, म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन धावपळ करू नका. पुढे दोन पर्याय आहेत. गाडीने सहाशे किलोमीटर, पण संध्याकाळनंतर चालवू नका, कांगारू आडवे येतात. नाहीतर ईस्ट पर्थहून ट्रेन, जवळजवळ सात तास. आम्ही ट्रेन घेतली आणि मला ती फार म्हणजे फार आवडली. आधी गव्हाची शेतं, मग झुडपं, मग लाल माती आणि तांबूस खोडांची चकचकीत झाडं. वाटेत बराच वेळ एक जाडजूड पाइप सोबत करतो. कालगुर्लीचं पाणी त्यातून पर्थजवळच्या धरणावरून येतं, शंभराहून जास्त वर्षं. वाळवंटात एवढं लांब पाणी नेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. ज्युडिथने चटणी खाल्ली, खोकली, आणि आणखी मागितली.

स्टेशनवर अमोल आला होता. माझ्याबरोबर युनिव्हर्सिटीत होता, आता इथे खाणीत इंजिनीअर आहे. त्याने आधी आम्हाला मुख्य रस्त्यावरून फिरवून आणलं. एवढा रुंद रस्ता मी सिडनीतही पाहिला नाही, उंटांच्या तांड्याला वळता यावं म्हणून म्हणे. दोन्ही बाजूंना जुनी हॉटेलं, त्यांचे लाकडी सज्जे, आणि वर निळंशार आकाश. गावाची ऐट बघण्यासारखी आहे. मग घरी नेऊन खिचडी वाढली.

"हॅसलकूम?" तो म्हणाला. "आंटी डोरीन! त्यांना कोण ओळखत नाही? वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्ये होत्या. आमच्याकडे मोठा कार्यक्रम असला की स्वागताला त्याच येतात."

ज्युडिथचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. ती हात धुवायला गेली तेव्हा अमोल मराठीत मला म्हणाला, "हिला माहितीय ना? आंटी डोरीन इथल्या मूळ रहिवाशांपैकी आहेत. गोऱ्या नाहीत."

मला माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, मी ज्युडिथला ते त्या दिवशी सांगितलंही नाही. म्हटलं, उद्या कळेलच. याला शुद्ध मराठीत पळपुटेपणा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही बोल्डरला, म्हणजे कालगुर्लीच्या जुळ्या गावाला, त्यांच्या घरी पोचलो. पत्र्याचं छत, व्हरांड्यात चार खुर्च्या, त्यातल्या एकीवर एक आळशी कुत्रा. आंटी डोरीन ज्युडिथच्याच वयाच्या असतील. पांढरे केस, मोठा आवाज. यांच्यात वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटी म्हणतात, त्यामुळे माझी जीभ लगेच रुळली. त्यांनी आधी मला निरखलं आणि विचारलं, "हूज युअर मॉब, बब?"

मॉब म्हणजे आपली माणसं, गोतावळा; बब म्हणजे बाळ. ऑस्ट्रेलियात दहा वर्षं मी ऐकत आलेय की कुणाला 'मूळचा कुठला' विचारू नये, वाईट दिसतं. आणि इथे ही बाई दारातच विचारत होती, कुणाची गं तू? मी गाव सांगितलं, नदी सांगितली, वडील काय करायचे ते सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

ज्युडिथ मात्र आंटी डोरीनच्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिने बॅगेतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. आंटी डोरीन हसल्या, आत गेल्या आणि तिची दोन्ही पत्रं घेऊन आल्या. जपून ठेवली होती.

"उत्तर द्यायचं होतं गं. पण तू विचारलंयस, थोरल्या भावाचे वंशज की धाकट्याचे? तिसरा चौकोनच नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा त्या धाकट्या हॅसलकूमच्या मेंढ्यांवर कामाला होते. मालकाच्या वहीत नाव लागायचं. आजोबांचं नाव मालकाला उच्चारता येईना, म्हणून त्याने पुढे स्वतःचंच आडनाव लिहून टाकलं. आजोबांना कुणी विचारलं नाही. रक्ताचं नातं काहीच नाही.

ज्युडिथने विचारलं, "मग तुम्ही ते नाव टाकून का नाही दिलं?"

तिच्या मनात वाईट नव्हतं, पण प्रश्न फार वाईट पडला. कुत्र्यानेसुद्धा मान वर केली.

"टाकून काय करू?" आंटी डोरीन शांतपणे म्हणाल्या. "याच नावाने माझी आई शिकली. याच नावाने आम्ही कोर्टात आमची जमीन मागितली. त्या म्हाताऱ्याने हे नाव इथे एक जन्म वापरलं. आम्ही सहा पिढ्या वापरतोय. आता ते आमचं आहे."

ज्युडिथ उठली, चहाबद्दल आभार मानले आणि भाड्याच्या गाडीत जाऊन बसली. मी गाडी सुपर पिटकडे घेतली. ही उघडी खाण बघाच. वरून बघायला पैसे लागत नाहीत, फक्त सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्या. पाताळापर्यंत गेलेल्या पायऱ्या, आणि तळाशी दुमजली घराएवढे ट्रक खेळण्यातल्यासारखे दिसतात. माणसाने हे खणलं, यावर विश्वास बसत नाही. ज्युडिथने एकदा बघितलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षं, सुजाता. आणि शेवटी ते खरे हॅसलकूम नाहीतच. म्हणजे मीच शेवटची."

माझं डोकं सणकलं. आजारी माणूस आहे, म्हातारं माणूस आहे, सगळं कबूल. पण सणकलं.

"माझं आडनाव खरं आहे का गं?" मी विचारलं. "माझ्या आजोबांना गावाने एक नाव दिलं होतं. कुणीही हाक मारली की जात कळावी असं. बाबासाहेबांच्या वाटेने ते बौद्ध झाले, तेव्हा त्यांनी ते नाव टाकलं आणि गावाचं नाव लावलं, पुढे 'कर' जोडून. ज्या गावाने त्यांना वेशीच्या आत घर बांधू दिलं नाही, त्याच गावाचं! लोक हसले. आजोबा म्हणाले, गाव माझंही आहे. आणि मी पाचवीत असताना बाई विचारायच्या, हे झालं, पण मूळ आडनाव काय? पुन्हा पुन्हा विचारायच्या. सगळ्या वर्गासमोर. तू आत्ता तेच विचारून आलीस."

बोलता बोलता मला रडू आलं. तेवीस वर्षांपूर्वीचं रडू होतं, तेव्हा आलंच नव्हतं. ज्युडिथने माझा हात धरला आणि आम्ही कितीतरी वेळ ते ट्रक वरखाली होताना बघत राहिलो. वारा बोचरा होता. जुलैत जाणार असाल तर जाड जॅकेट न्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला ती म्हणाली, "मला परत तिथे ने." यावेळी दार तिनेच वाजवलं.

"काल मी चुकीचा प्रश्न विचारला," ज्युडिथ म्हणाली. "तुमच्या आजोबांचं स्वतःचं नाव काय होतं?"

आंटी डोरीननी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी ते नाव उच्चारलं, एकदाच, हळू. ज्युडिथच्या हातात पेन होतं, कार्ड होतं. चाळीस वर्षांची सवय! तिने पेनाला टोपण लावलं.

"हे लिहायचं नसतं ना?"

"नाही. गेलेल्या माणसांची नावं आम्ही जपून घेतो. ऐकलंस, बास."

म्हणून मीही ते इथे लिहीत नाहीये. मागू नका.

मग जिवंत माणसांची पाळी आली. आंटी डोरीन बोटांवर मोजत गेल्या: मुलं, नातवंडं, पतवंडं, कोण पर्थला, कोण खाणीत, कोण शिकतंय, आणि एका नातीला सहावा महिना लागलेला. प्रत्येकाचं विचारून विचारून ज्युडिथने लिहिलं. कार्डं संपली, तेव्हा माझ्या वहीची पानं फाडली. फॉर्म तिने सरळ घडी घालून कुत्र्याच्या खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला. दोघी म्हाताऱ्या खदखदून हसल्या. दुपारी अमोल डबा घेऊन आला, तर त्याला कुणी विचारलंही नाही. बिचारा व्हरांड्यात बसून एकटाच जेवला.

परत येऊन आता तीन महिने झाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: दोन दिवस पुरतात, तीन असले तर उत्तम. गाव बघायला जा, पण बोल्डरच्या व्हरांड्यांमध्ये कुणी बोलावलं तर खाणीचा कार्यक्रम रद्द करा. मी दगड, सोनं, म्युझियम असलं खूप बघितलं आणि निम्मं विसरले. त्या दोन सकाळी मात्र शब्द न् शब्द आठवतात. आल्यावर मी बाबांना फोन करून पहिल्यांदाच विचारलं, आजोबांचं आधीचं आडनाव काय होतं? बाबा म्हणाले, "त्यांनी टाकलेलं मी कशाला उचलू? तुला काही कमी पडतंय का?" नाही पडत. खरंच नाही पडत.

ज्युडिथचं ऑपरेशन नीट झालं. अजून जपून चालते, माझ्यावर डाफरायला मात्र लागली आहे, म्हणजे बरी आहे. गेल्या शनिवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते, तर ही स्लिपर घालून, केस न विंचरता, फाटकातून जवळजवळ पळतच आली. काय झालं, विचारायच्या आत तिने माझे दोन्ही ओले हात धरले. धाप लागली होती, आणि चेहरा नुसता फुलला होता.

"वी हॅव हॅड अ गर्ल!" ती म्हणाली. "सुजाता, आम्हाला मुलगी झाली. कालगुर्लीला. पहाटे."

मी कपडे तसेच टाकले आणि हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून बर्फी आणायला गेले.