नळीला पडलेला पीळ

चिरगाँवहून येताना माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून पडला आणि छातीच्या वरच्या भागात त्याचा मणका तुटला. छातीखालची संवेदना गेली, लघवीसाठी नळी लागली. इस्पितळात तीन महिने काढल्यावर नवाच त्रास सुरू झाला. एकाएकी चेहरा लालबुंद व्हायचा, कपाळावर घामाच्या धारा लागायच्या. डोकं फुटतंय, म्हणून तो कण्हायचा.

वॉर्डातले मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्याच्याकडे पाहून म्हणाले, "नाटक है. बहन का लाड़ चाहिए इसे." पोरं हसली. भावाने डोळे मिटून घेतले. याच पोरांसमोर या माणसाची मान खाली घालायला लावायची, हे मी तिथेच ठरवलं.

आमच्या गल्लीत एक काका राहत. शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आमच्यासारखेच मराठी. मी सदर बाजारातल्या कचेरीतून सुटले की रोज त्यांच्याकडे जाऊन बसायची.

"रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम देणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात," ते म्हणाले. "त्यांना आवरायला मेंदूकडून निरोप येतो. मग गाबा आणि ग्लायसिन नावाची रसायनं त्या पेशींवर क्लोराइडचे दरवाजे उघडतात आणि पेशी गप्प बसते. तुझ्या भावाची ती निरोपाची वाट मध्येच तुटली. खालचे थोडे ब्रेक उरलेत, पण ते पुरत नाहीत. मूत्राशय तुंबलं की त्या पेशी बेफाम होतात आणि रक्तदाब चढतो. आधी त्याला उठवून बसव, मग नळी बघ. उशीर केलास तर मेंदूतली शीर फुटेल."

मी शब्दन् शब्द पाठ केला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या फेरीच्या वेळीच भावाचा चेहरा लाल झाला. मी चादरीखाली हात घातला. नळीला मांडीखाली पीळ पडला होता, एका बोटाने सुटला असता. डॉक्टर दोन खाटा पलीकडे होते. मी हात बाहेर काढला.

"डॉक्टर साहब, इसका ब्लड प्रेशर आप खुद देखिए."

"फिर वही?"

"सबके सामने देखिए."

त्यांनी वैतागून पट्टा बांधला. पारा दोनशे वीसला गेला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अब नली देखिए," मी म्हणाले. त्यांनी घाईघाईने भावाला बसवलं, पीळ सोडवला. पिशवी भरू लागली, पारा उतरू लागला. काकांचा सगळा धडा मी हिंदीत म्हणून दाखवला आणि विचारलं, "अब बताइए, नाटक किसका था?"

त्यांची मान खाली गेली. त्या वेळी कुणीही हसलं नाही. ती शांतता मी चवीने चाखली, अजून चाखते.

दुपारी भाऊ म्हणाला, "ताई, खालचं मला कळत नाही. पण दिसतं. तुझा हात आधीच चादरीखाली गेला होता."

"हो."

"मग काढलास का?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एकटेच आले. भावाजवळ बसले, "गलती मेरी थी" म्हणाले, आणि आधी नळी बघायची हे नर्सला बजावून गेले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. भावाने मात्र त्यांना हात जोडले.

घरी आल्यावर नळीचं सगळं त्याने आईला शिकवलं. मी पुढे झाले की म्हणायचा, "राहू दे ताई, आई बघेल."