मनस्वीच्या जागी तीन दिवस

आमच्या सावडीत माणूस मोजत नाहीत, घर मोजतात. सावड म्हणजे लावणीला आज सगळे तुझ्या शेतावर, उद्या सगळे माझ्या. कोणी आजारी पडलं तर त्याच घरातलं दुसरं जातं आणि पाळी भरते. लग्नानंतरच्या पहिल्याच लावणीत माझा पाय मुरगळला, तर नवी नवरी गिरजा माझ्या जागी चिखलात उतरली. तिनं ते मला चाळीस वर्षं ऐकवलं, पण पाळी भरली ती भरलीच.

हे आधी सांगितलं नाही तर पुढचं वाचून तुम्ही मला वेडा म्हणाल.

माझी नात मनस्वी आता आर्किटेक्ट आहे, नाशकात असते. मी सांगतोय ते ती शिकत होती तेव्हाचं. शहापुरात नम्रता मॅडमच्या हाताखाली काम करायचं, रोजचे तास डायरीत लिहायचे, त्यावर मॅडमची सही घ्यायची. ठरलेले तास भरले नाहीत तर वर्ष अडकतं, लायसन लांबतं. गुरुवारी तास पुरे व्हायचे होते, त्यापुढच्या सोमवारी डायरी कॉलेजात द्यायची होती. आणि त्या गुरुवारच्या आधी, सोमवारीच पोरीला ताप भरला. तापात बडबडायची तीही तासांबद्दलच.

मॅडम बाहेरगावी होत्या. मी डायरी पिशवीत घातली, एसटीनं मुरबाड गाठलं आणि मनस्वी जिथं देखरेख करायची त्या बांधकामावर जाऊन उभा राहिलो. अनंता गवंडी माझ्याच वयाचा. पोर कुठंय म्हणाला. म्हटलं, तापानं पडलीय, घरातून मी आलोय. मग ठीक, म्हणत त्यानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं. तीन दिवस, आठ-आठ तास. जेवणाची सुट्टी मी वजा करून लिहिली, उगाच खोटं नको. खाली साक्षीला अनंताची सही.

गुरुवारी ताप उतरला. ऑफिसला निघताना मनस्वीनं डायरी उघडली. मी कौतुकाची वाट बघत उभा.

"आजा, ह्ये काय केलंस?"

"पाळी भरली गो तुझी."

ती ओरडली नाही. ओटीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "उद्या मी काढलेल्या घरात माणसं झोपतील. भिंत तू बघितलीस का, असं मला विचारतील. तवा काय सांगू, माझा आजा गेलेला?"

मी चपला घातल्या आणि तिच्यामागून ऑफिसात गेलो; मॅडम गावाहून परतल्या होत्या.

मॅडमसमोर तिनं स्वतःच त्या तिन्ही दिवसांवर लाल रेघ मारली. मॅडमनी मला विचारलं, काय काय बघितलंत? मी विटा किती वेळ भिजवल्या तिथून सुरू केलं, कुठला कोपरा ओळंब्यात नव्हता म्हणून अनंतानं पाडून परत बांधला ते सांगितलं, मग माझ्या बापानं बांधलेल्या विहिरीवर आलो. दोन चहा झाले.

"काका, तास चोख आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण ते तुमचे."

तिचे चोवीस तास कमी, हातात शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी काम बंद असायचं. अनंताला कळलं तेव्हा त्यानं निरोप धाडला की सही माझीपण आहे, रविवारी मी येतो, फक्त त्या म्हाताऱ्याला आणू नका.

तरी मी गेलोच. टेपला हात लावायचा नाही या अटीवर समोर झाडाखाली बसलो. मनस्वी शिडीवर चढली, मापं घेतली, लिहिली, आणि खिडकीखालचे दोन थर चुकलेत म्हणून काढायला लावले. अनंता थापी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला.

"तू बरा होतास रे," म्हणाला.

संध्याकाळी मॅडम शहापुराहून स्वतः आल्या, थर बघितले, डायरी मांडीवर घेऊन सही केली.

परतीच्या एसटीत मनस्वी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली तिच्या पलीकडं होती. शहापूर येईपर्यंत मी हललो नाही.