वाडीला कळवलं नाही

“तुमच्या वाडीला कशाला पायजेत गं सूचना? तुमी तर बिबट्याच्या शेजारीच राहता.”

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, भरल्या खुर्च्यांसमोर शेठ मला असं म्हणाला. एकाला हसता हसता चहाचा ठसका लागला. चहा सगळ्यांना आला होता. मी उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही, चहाचंही विचारलं नाही.

शेठ म्हणजे सरपंचबाईंचा नवरा. निवडून बाई आल्या. कारभार शेठ करतो. सह्यांपुरत्या बाई.

मी गेले होते माझा मोबाईल नंबर द्यायला. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पाणी कधी सुटणार, लाईट कधी जाणार, लसीकरण कधी, उसात बिबट्या दिसला का, सगळं त्यावर येतं. आधी दवंडी असायची. ओढ्याच्या पलीकडं आमच्या वाडीपर्यंत हाक ऐकू यायची. ग्रुप झाला, दवंडी बंद पडली. आम्ही ठाकर. वाडीतलं एकही माणूस त्या ग्रुपात नव्हतं. कुणी घेतलंच नव्हतं.

“घे रे हिचा नंबर,” शेठ क्लार्कला म्हणाला. “बारावी शिकल्याली हाय म्हनं.” मग माझ्याकडं हात केला. “बघू मोबाईल. चालतो का ह्यो?”

हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला. तडकलेली काच सगळ्यांना दाखवली. मोबाईल एकाकडून दुसऱ्याकडं गेला. मी हात पुढं करून उभी. परत मिळेपर्यंत तशीच.

पण नंबर घेतला. घरी येताना मी खूश होते. आज त्या खुशीचाच राग येतो.

रोज सकाळी ग्रुप वाचायचा आणि वाडीत दारोदार सांगत फिरायचं, हे मी सुरू केलं. एकदा ग्रुपवर आलं, सगळ्या गावाला पाणी सोडलं आहे. आमचा नळ कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडा. मी लिहिलं, ‘वाडीला पाणी आलेले नाही. कधी येईल ते कळवावे.’ खाली कुणीतरी टाकलं, ‘हा सूचनांचा ग्रुप आहे. रडगाणी नकोत.’ त्याच्यावर अंगठेच अंगठे. मी परत लिहिलं, ‘पाणी मागणे म्हणजे रडगाणे नाही.’

भांडी घासून हात पुसले आणि बघते तर मला ग्रुपातून काढून टाकलेलं. ग्रुपाचा अ‍ॅडमिन शेठच.

नवरा लेण्याद्रीला डोली उचलतो. म्हाताऱ्या भाविकांना खांद्यावरून वर नेतो. डोली नसली की शेठच्याच रानात कामाला. तो म्हणाला, “गप बस. त्यांच्याशी वाकडं घेऊन आपलं कसं व्हायचं?” मी गप बसले. पण आत काहीतरी सारखं टोचत राहिलं. जेवायला बसलं तरी. झोपायला गेलं तरी.

मग ती संध्याकाळ आली. मी आणि सासू ओढ्याच्या बांधावर गवत कापत होतो. रोज तिथं गावातल्या चार बाया असायच्या. त्या दिवशी कुणीच नव्हतं. मला बरं वाटलं. सगळं गवत आपलंच.

उसात खसखसलं. सासू वाकलेली होती. बिबट्या थेट तिच्या पाठीवर आला.

मी ओरडले. विळा फेकला. गवताचा भारा उचलून त्याच्या अंगावर घातला. काय काय केलं ते धड आठवत नाही. माझ्याच घशातून निघालेला आवाज तेवढा आठवतो. तो उसात गेला. सासूचं डोकं आणि खांदा फाटला होता. पिकअपमध्ये घालून तिला जुन्नरला दवाखान्यात नेलं. वाचली.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. हातात केळी. सोबत फोटो काढायला एक माणूस. शेठ सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला.

“काल सकाळीच टाकलं व्हतं ग्रुपवर. मादी हाय पिल्लांसंगं, वढ्याकडं जाऊ नका. फॉरेस्टवाल्यांनी तसं कळवलं व्हतं. तुमी लोकं वाचीतच न्हाई, त्याला आमी काय करायचं?”

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून बांध मोकळा होता.

त्यानं केळी सासूच्या हातात दिली. त्या माणसानं मोबाईल वर धरला. मी मधे आडवी उभी राहिले.

“फोटो न्हाई काढायचा.”

“अगं, बातमी येईल. मदत मिळंल म्हातारीला.”

“मला ग्रुपातून तुमी काढलं, ते येनार का बातमीत?”

शेठ जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, “बाई, इथं तमाशा नको. घालतो तुला परत.”

“मला एकटीला नको. वाडीत भोंगा लावा. कळवनं हे पंचायतीचं काम हाय. तुमची मेहेरबानी न्हाई.”

नवरा मागून पदर ओढत होता. मी तो सोडवून घेतला.

पुढच्या ग्रामसभेला वाडीतल्या सगळ्या बाया गेलो. सासू डोक्याला पट्टी बांधून आली. आम्ही कायम मागं, चपलांपाशी जमिनीवर बसायचो. त्या दिवशी मी पुढं जाऊन बसले आणि विषय काढला. शेठ म्हणाला, “हा विषय आज न्हाई.” तेव्हा सरपंचबाई बोलल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“बोलू द्या तिला.”

शेठनं त्यांच्याकडं बघितलं. बाईंनी मान खाली घातली नाही. मी बोलले. पाणी, ग्रुप, बिबट्या, सगळं बोलले.

अंगणवाडीवर भोंगा बसला. पण कधी वाजतो, कधी ‘विसरतो’. विसरला की आम्ही पोराबाळांसकट ऑफिसात जाऊन बसतो. वाजेपर्यंत उठत नाही.

आता पंचायतीची निवडणूक आली आहे. परवा शेठचा माणूस दारात आला. “आपल्या वॉर्डाची जागा आदिवासी बाईला राखीव हाय. शेठ म्हनतात, तुला बिनविरोध करू. फक्त सभेत जरा सांभाळून घ्यायचं.”

नवऱ्यानं आशेनं माझ्याकडं पाहिलं.

“शेठला सांगा,” मी म्हणाले, “बिनविरोध नको. माझ्यापुढं कुणालाबी उभं करा.”

माणूस गेल्यावर नवरा म्हणाला, “लई महागात पडंल हे.”

पडू दे. मीही पडले तर पडले. पण सांभाळून घेणार नाही. कुणालाच.