नवी चेन आणि नखाएवढं लॉक

मोटारसायकलची नवीकोरी चेन साबणाने धुऊन गॅलरीत दोरीवर वाळत घालणारी मी वारज्यातली बहुधा पहिलीच बाई. दुसरी अजून तरी ऐकिवात नाही.

ही हकिकत तोंडाने सांगायला गेले, तर माझा आवाज पहिल्याच वाक्याला बसतो. म्हणून वहीत लिहिते. वहीसमोर मी अगदी वाघीण असते.

त्या वर्षी आमच्या स्वातीची पदवी पूर्ण झाली होती. खराडीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत तिच्या दोन फेऱ्याही पार पडल्या होत्या. राहिली होती शेवटची मुलाखत, बुधवारी सकाळी दहाला. आम्ही पुण्याच्या या टोकाला आणि खराडी त्या टोकाला. मागच्या फेरीला ती दोन बस बदलून गेली आणि वीस मिनिटं उशिरा पोचली. तिथल्या मॅडमनी आत घेतलं, पण पुन्हा उशीर झाला तर येण्याची तसदी घेऊ नका, असंही सांगितलं. (इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते फार गोड लागतं म्हणे!) त्यात बुधवारीच रिक्षांचा संप. म्हणजे पोरीची नोकरी आता आमच्या लाल मोटारसायकलच्या हाती.

आणि त्या मोटारसायकलची चेन इतकी सैल झालेली, की हे कोपऱ्यावर वळले की खडखड मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. मी लगेच चहाचं आधण ठेवायची. सोयीचंच होतं ते. पण रविवारी भर कर्वे रस्त्यावर चेन उतरली आणि हे गाडी ढकलत घरी आले. खडखड झाली नाही, म्हणून चहाही झाला नव्हता. दोन्हींचा राग एकदमच निघाला!

नाक्यावरचा गॅरेजवाला गावाला गेला होता. हे म्हणाले, काही अडत नाही, कंपनीत मी खोलीएवढी मशिनं उघडतो, ही तर मोटारसायकल. मंगळवारी पहिल्या पाळीहून आलो की बसायचं, बुधवारी रजा टाकतो. फक्त चेन तेवढी तू आण. मी रोज सकाळी शनिवार पेठेत एका घरी पोळ्या करायला जायची, आणि त्या घराच्या समोरच स्पेअर पार्टचं दुकान होतं. यांनी चिठ्ठी लिहून दिली. दुकानात जाऊन बोलायचं, या विचाराने मी त्या दिवशी चार पोळ्या करपवल्या.

दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून पेपर वाचत होते. मी बराच वेळ उभी. शेवटी त्यांनीच विचारलं, "गाडी कुठली?"

माझ्या तोंडून निघालं, "लाल."

"रंग लावायचाय का?"

मी मान हलवली. चेन हवी, एवढं कसंबसं म्हटलं. त्यांनी गाडी कुठल्या सालची ते विचारलं. मी म्हटलं, मुलगी पाचवीत होती तेव्हा घेतली.

"मग मुलीची मार्कशीट आणा. त्यावरून पार्ट देतो."

घामाने भिजलेली चिठ्ठी तोवर माझ्या मुठीतच होती! ती उलगडून काउंटरवर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून वाचली. "फक्त चेन? हे लिहिणारे कोण?"

"आमचे हे."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," म्हणत त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि दोन दातेरी चक्रं काढली, एक बशीएवढं आणि एक ताटलीएवढं. त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. छोटं पुढे इंजिनापाशी, मोठं मागच्या चाकाला, आणि चेन दोन्हींवरून फिरते. म्हणाले, "एवढ्या वर्षांत जुने दात झिजून वाकडे झाले असणार. त्यावर नवी चेन घातलीत, की ते दात तिला महिन्याभरात खाऊन टाकणार. बदलायचं तर तिन्ही बदला." मला एका क्षणात पटलं. मी सासूबाईंच्या हाताखाली अकरा वर्षं काढली आहेत.

मग त्यांनी दोन सेट समोर मांडले. एक स्वस्त, एक महाग. कोणता देऊ? मला काय कळणार त्यातलं! पण भांडी घेताना मी जे करते तेच केलं. एक या हातात, एक त्या हातात घेऊन वजन पाहिलं, मोठ्या चक्रावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि जड होता तो पुढे सरकवला. दुकानदारांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "बाईंना कळतं," म्हणाले. कुठल्याही दुकानात माझ्याबद्दल निघालेले हे पहिले चांगले शब्द! शेवटी त्यांनी एक चिमुकलं पाकीट दाखवलं. चेनची दोन टोकं सुटी असतात, ती जोडायचं लॉक त्यात होतं, नखाएवढं. "सगळ्यात महत्त्वाचं हेच. जपून ठेवा."

मी बसमध्ये सगळं मांडीवर घेऊन बसले. बाईंना कळतं, बाईंना कळतं, असं डोक्यात सारखं वाजत होतं. घरी येऊन पुडकं उघडते तर काय, नवी चेन तेलाने नुसती बरबटलेली! एवढा महागाचा माल आणि असा घाणेरडा? यांनी पाहिलं तर म्हणतील, गंडवलं तुला. मी बादलीभर गरम पाण्यात साबणाची पूड घातली आणि भांड्याच्या ब्रशने एकेक कडी घासली. चेन अशी लखलखली, की तोंड दिसावं. दोरीवर वाळवली. मग वाटलं, पोरीची नोकरी आणायला निघालेली वस्तू, देवाचा हात फिरायला हवा. दोन्ही चक्रं देवापुढे मांडून हळदकुंकू लावलं, मधल्या भोकात एकेक झेंडू बसवला, भोवती चेन महिरपीसारखी लावली. आणि ते नखाएवढं लॉक? जपायचंच होतं ना! देवापेक्षा जपणारं कोण? पाकीट सगळ्यात मोठ्या झेंडूखाली सरकवून दिलं.

हे साडेचारला आले. हातपाय धुऊन देवापुढे येऊन उभे राहिले. मग अगदी शांतपणे विचारलं, "नैवेद्य काय दाखवलास? पेट्रोल?" चेनला बोट लावून पाहिलं, ती कोरडी ठणठणीत. ते तेल चेनसाठीच असतं, हे मला त्या दिवशी कळलं. वर, चेन सांगितली तर सगळा सेट उचलून आणलास, दुकानदाराने बरोबर गिऱ्हाईक ओळखलं, हेही ऐकून घेतलं. पण खाली जाऊन जुनं मागचं स्प्रॉकेट काढलं, तर त्याचे दात वाघनखांसारखे वाकलेले! स्वाती म्हणाली, "बाबा, आईचं बरोबर आहे." यांनी पान्हा मागितला. आमच्या घरात हार अशीच मान्य करतात.

अंधार पडेपर्यंत दोन्ही स्प्रॉकेट बसली. चेन रात्रभर तेलात मुरत ठेवली. सकाळी फक्त ती घालायची, पाच मिनिटांचं काम, असं म्हणून हे जेवायला बसले.

बुधवारी सकाळी मी अंघोळ करून पूजेला बसले. आज तर दुप्पट मनोभावे! कालची फुलं काढून निर्माल्याच्या पिशवीत भरली. शेजारच्या सावंतकाकू रोज देवळात जातात, त्या सगळ्या मजल्याचं निर्माल्य नेऊन तिथल्या कलशात टाकतात. पिशवी त्यांच्या हातात दिली; सातपर्यंत त्या ती रिकामी करून परतल्याही. सव्वासातला खालून हाक आली. मी गॅलरीतून वाकले.

"लॉक टाक खाली."

तेव्हा मला सगळ्यात मोठा झेंडू आठवला.

मी खाली गेले. कसंबसं सांगितलं. यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. चेन गाडीवर चढलेली, दोन्ही टोकं लोंबत होती. पार्टची दुकानं दहाशिवाय उघडणार नव्हती. "जगात एवढ्या जागा असताना," हे म्हणाले, आणि हातातला पान्हा जमिनीवर आपटला. स्वाती नव्या ड्रेसमध्ये जिन्यात उभी. ती नुसती घड्याळाकडे बघत होती. त्या बघण्याने माझ्या पायांत काय आलं देव जाणे. मी पळत सुटले! एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात यांची.

देवळापाशी निर्माल्याचा कलश म्हणजे माझ्या छातीएवढा पत्र्याचा पिंप. शेजारी देखरेख करणारे एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले. त्यांना विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं! त्यापेक्षा मी पिंपच आडवा केला. सगळ्या वारज्याची फुलं, दूर्वा, बेल आणि तुळस अंगणात पसरली आणि मी त्यात गुडघ्यांवर बसले.

आजोबा उठून जवळ आले. "ताई, निर्माल्य आत टाकतात. बाहेर काढायची पद्धत आपल्याकडे अजून आलेली नाही."

मी खाली मान घालून फुलं चाळत राहिले. सकाळी फिरायला निघालेली माणसं थांबली. काय शोधताय? मी पुटपुटले, गाडीचं लॉक. त्यावर एकाने विचारलं, गाडी कुठल्या देवाला वाहिली होती? दुसरे मदतीला म्हणून पुढे झाले आणि त्यांचा बूट नेमका झेंडूंच्या ढिगावर पडणार, तेवढ्यात माझ्या पोटातून आवाज निघाला. "कुणी पाऊल टाकायचं नाही! माझ्या मुलीची नोकरी आहे खाली!"

देवळातली घंटा वाजायची थांबली. पस्तीस माणसं तरी एका पायावर उभी राहिली असतील. आयुष्यात मी पहिल्यांदा ओरडले, आणि लोक ऐकतात हे मला तेव्हाच कळलं.

मग सगळेच काठाकाठाने वाकून शोधायला लागले. दूर्वांच्या जुडीला चिकटलेलं पाकीट आजोबांनाच सापडलं. पण त्यांनी ते लगेच दिलं नाही. "आधी पिंप भरा. होता तसा." मी दोन्ही हातांनी फुलं लोटली, पाकीट घेतलं आणि परत पळाले, केसांत बेलाची पानं, साडीला कुंकू, डोळ्यांपुढे फक्त घड्याळ.

इमारतीखाली गाडी नव्हती. हे नव्हते. स्वाती नव्हती. फक्त सावंतकाकू, आमच्या घराची किल्ली हातात धरून.

"अहो, ते केव्हाच गेले," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोपऱ्यावरून वळलात आणि त्यांना आठवलं, की जुन्या चेनलाही लॉक असतंच. तेच काढून बसवलं. तुम्हाला किती हाका मारल्या!"

नंतर हे म्हणाले, की तू समोर होतीस तोवर रागवण्यात गुंतलो होतो, विचार करायला सवडच मिळाली नाही.

त्या दिवशी मी पोळ्यांना गेले नाही. पाकीट मुठीत धरून गॅलरीत बसले. गाडी आता खडखडत नव्हती, त्यामुळे ती दोघं दारात उभी राहिली तेव्हाच कळलं. स्वातीने नुसती मान डोलावली आणि मी रडायला लागले. दोघं साडेनऊलाच पोचली होती, आणि नोकरी मिळाली होती!

चहा झाल्यावर ती सांगायला लागली. मुलाखतीत विचारलं, ऐन वेळी अडचण आली आणि ती सोडवली, असा एखादा प्रसंग सांगा. तिने त्या सकाळचाच सांगितला. बाबांनी दोन मिनिटांत जुनं लॉक कसं काढलं, कसं बसवलं, सगळं. साहेब लोक खूश झाले म्हणे.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "माझं नाव नाही का घेतलंस?"

"घेतलं ना, आई. अडचण आली कुठून, हेही त्यांनी विचारलं होतं."

तेव्हा स्वातीच्या नोकरीत निम्मा वाटा माझा आहे. पहिला निम्मा!