सनईवाल्याचा वरचा जबडा

दातांच्या दवाखान्यात किस्से साठतात, कारण पेशंटचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नाही. चूळ भरायला मान वर केली की तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. मिरजगावात हायवेलगत माझा दवाखाना आहे, आणि खरं सांगते, ऐकून ऐकून जीव मेटाकुटीला आलाय. त्यातले हे एकट्या किसनमामांचे. मामा सनईवाले. आसपासच्या गावांत त्यांच्याशिवाय लग्न लागायचं नाही.

*

मामांचे वरचे सगळे दात गेलेले. कवळी होती. एका लग्नात अंतरपाट निघाला, मामांनी जोर लावून फुंकलं आणि कवळी थेट नवरदेवाच्या पायाशी! वऱ्हाड पोट धरधरून हसलं. दुसऱ्या दिवशी मामा माझ्यासमोर, पक्के दात बसवा म्हणून.

मी म्हटलं, "मामा, इम्प्लांट कशाला? मऊ खात जा."

"भाकर काय, कुस्करून खाईन. मॅडम, मला फुकायला दात पायजेत."

*

दात गेले की जबड्याचं हाडही झिजत जातं. आमच्याकडची माणसं ते पार संपल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. किती जणांना सांगून झालं, पालथ्या घड्यावर पाणी! मामांचं हाड पापडाइतकं पातळ उरलं होतं, आणि त्याच्या वर लगेच नाकाशेजारची पोकळी. इम्प्लांटचा स्क्रू बसवणार कशात? आधी तिथं हाडाची पावडर भरायची, ती धरली की मग दात.

मामांनी पावडरची बाटली उलटीपालटी करून पाहिली. "कुनाचं हाड हाय हे?"

"कंपनीतून येतं. शुद्ध केलेलं असतं."

"दुसऱ्या सनईवाल्याचं नसलं म्हंजी झालं. आमचं पटत न्हाई."

*

ऑपरेशन झालं आणि मी बजावलं. सहा महिने सनई बंद. बिडी बंद. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. आत जोर गेला की भरलेलं सगळं निसटणार, आणि पुन्हा भरण्याइतकं हाड मामांकडे नव्हतं. म्हणजे मग सनई कायमची संपली असती.

त्याच आठवड्यात मामांच्या लेकीला, सुरेखाला पाहायला सोनईचे पाहुणे आले. आतून फोडणीचा ठसका उठला. मामांनी माझा शब्द पाळला. आ वासून शिंकले, ते थेट होणाऱ्या व्याह्यांच्या पोह्यांत.

मी विचारलं, "मग? मोडलं?"

"न्हाई. ते म्हनले, मानूस मोकळा हाय."

*

लग्नसराई आली तसे मामा कासावीस झाले. एका लग्नात त्यांनी सनई ओठांना लावून नुसती बोटं हलवली. फुंकत होता मागे बसलेला धाकटा भाऊ, आणि तो बेताचाच वाजवणारा. जेवताना पाटील येऊन म्हणाले, "किसनराव, आज सनई लई गोड लागली!"

मामा मला म्हणाले, "मॅडम, आयुश्यभर फुकून मेलो, तवा कुनी आसं म्हनलं न्हाई."

मी हसले. ते हसले नाहीत.

*

सुरेखाचं लग्न बंदीच्या सहा महिन्यांतच आलं. मी गेले होते आणि डोळ्यांत तेल घालून मामांवर लक्ष ठेवून होते. पाठवणीच्या वेळी सुरेखा म्हणाली, "दादा, साऱ्या गावाच्या पोरी वाजवून धाडल्या. माज्यापुरती एकदा वाजवा की."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सुरेखा गाडीत बसली. मला वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं. इतक्या वर्षांत ऐकणारा एक तरी पेशंट मिळाला.

दोन दिवसांनी मामा आले. गाल सुजलेला, नाकातून रक्त, आणि रक्तात पावडरचे पांढरे कण. मी स्कॅन काढला. सगळं निसटलं होतं.

"शेवटी वाजवलीतच ना, मामा?"

"न्हाई. पोरीच्या गळ्याची आन."

"मग बिडी ओढली? नाक शिंकरलं?"

मामांनी पटक्याच्या टोकानं नाकातलं रक्त टिपलं. "गाडी गेल्यावर मांडवामागं गेल्तो. कुनाला आवाज जाऊ नये म्हनून पटक्यानं तोंड दाबून धरलं हुतं."

"कसला आवाज?"

"रडायचं न्हाई, आसं तुमी सांगितलं न्हवतं, मॅडम."